तणावा

बाबांच्या तोंडून 'तणाव' हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे होता तो तणावा, आणि तोही बहुधा अनेकवचनात. "तणावे पाहून घे बरं," असं गल्ल्यावर बसल्या बसल्या ते म्हणायचे आणि मी उठायचो. दुकानापुढच्या कॅनव्हासच्या छताचे ते चार दोर. सुती, अंगठ्याएवढे जाड, वर्षानुवर्षं हाताळून बैलाच्या कासऱ्यासारखे मऊ झालेले. तंबू, राहुटी, पाल, शामियाना, कापडाचं जे काही उभं राहतं ते ज्या दोरावर उभं राहतं तो तणावा. पुढे वर्तमानपत्रं वाचायला लागलो तेव्हा त्यातला 'तणाव' पाहून काही दिवस मला वाटे, शेवटचा काना छापायचा राहून गेला असावा.

आमचं कापडाचं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात. कोतवालीकडून मोर्णेचा पूल ओलांडायचा, जयहिंद चौकात यायचं आणि आतल्या गल्लीला लागायचं. खाली दुकान, वर माडीवर आम्ही. दुकानाचं तोंड पश्चिमेला. वऱ्हाडात पश्चिमेला तोंड करून दुकान मांडणं म्हणजे दुपारी दोनपासून सहापर्यंत सूर्याला भागीदार करून घेणं. इथलं ऊन काय चीज आहे हे बाहेरच्यांना आकड्यांनीच सांगावं लागतं: २०२० च्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. इथल्या माणसाला आकडा लागत नाही. नवतपा म्हटलं की तो उपरणं डोक्याला गुंडाळतो.

मेच्या चौथ्या आठवड्यात अकोल्यात सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो. सव्वाबारा वाजून तीन-चार मिनिटं झाली की खांबाला सावलीच नसते आणि छताची सावली बरोबर छताच्या मापाची, त्याच्या पायाशी पडते. तेवढा वेळ सोडला तर सावली छताखाली थांबत नाही, चालत राहते. साडेचारला सूर्य तीस-बत्तीस अंशांवर उतरतो, आणि आठ फूट पुढे आलेल्या छताच्याही खालून ऊन आत डोकावू लागतं. पाच वाजता ते उंबऱ्यावर असतं, पुढे गादीवर, मग खालच्या फळीवरच्या लुगड्यांवर. म्हणून बाबांनी छताच्या पुढच्या कडेला हातभर झालर शिवून घेतली होती. तीही पुरली नाही की गोणपाट.

छताचं कापड मात्र बिनरंगी. कॅनव्हासचा जो मूळचा साईसारखा रंग असतो तोच. शेजारी निळ्या ताडपत्र्या आल्या, हिरव्या जाळ्या आल्या, बाबा हलले नाहीत. कारण धंद्याचं होतं. बाई साडी निवडते ती दुकानात, पण पारखते ती उंबऱ्यावर येऊन, उजेडात. छत निळं असेल तर मोतिया रंग आजारी दिसतो, हिरवं असेल तर गुलाबी मळतो. भाजीवाल्यांचं याच्या अगदी उलट. टमाट्याच्या ढिगावर लाल कापड ताणलेलं तुम्ही पाहिलं असेल. घरी येऊन पिशवी उपडी केली की टमाटे दोन दिवसांनी लहान झालेले असतात! दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या नाट्यगृहांवर पिवळी, तांबडी, गंजाच्या रंगाची कापडं ताणायचे आणि त्यांचा रंग खाली बसलेल्या लोकांच्या अंगावर सांडायचा, असं रोमन कवी ल्युक्रेशियसने नोंदवून ठेवलं आहे. त्या रोममधल्या कलोसियमवरही असंच मोठं छत होतं. वरच्या कडेला त्याचे खांब टेकवायला २४० दगडी घोडे बसवलेले होते, आणि ते छत ओढायला-सोडायला आरमारातले खलाशी आणून ठेवलेले होते. मला ही गोष्ट फार पटते. एवढं कापड वाऱ्यात सांभाळायचं तर ज्याने शीड सांभाळलं आहे त्यालाच बोलवायला हवं. बांधकाम करणारा दगड जाणतो. दोर कधी ओढायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी सोडायचा, हे खलाशी जाणतो.

कधी सोडायचा, हे मला बाबांनी शिकवलं. सातवी-आठवीत असेन. जूनचा पहिला पाऊस पुलापलीकडे दिसू लागला की ते म्हणत, "आभाय आलं, तणावे ढिले कर." मला हे उफराटं वाटे. वारापाऊस येतोय तर दोर घट्ट बांधायला हवेत ना? एकदा मी मुद्दाम घट्टच ठेवले. तासाभराने सगळे दोर भिजून लोखंडी सळईसारखे ताठ झाले, एक मेख जमिनीतून उपटून आली, आणि कॅनव्हासच्या कोपऱ्यातली पितळी कडी कापडासकट फाटून लोंबू लागली. बाबांनी ती कडी माझ्या हातात दिली. बोलले काही नाहीत.

कापसाच्या धाग्याचं हे असं आहे. भिजला की तो फुगतो, आणि लांबीत फुगण्यापेक्षा जाडीत जास्त फुगतो. दोरात हे धागे एकमेकांभोवती पिळलेले. प्रत्येक धागा जाडजूड झाला की एकमेकांना वळसा घालायला त्यांना जास्त लांबी लागते. ती बाहेरून येत नाही, म्हणून दोर आखडतो. कोरडा असताना जो बेताचा ताण होता तो भिजल्यावर मेखेच्या, कडीच्या, कापडाच्या जिवावर उठतो. ज्या मुलुखात कापसावर संसार उभे राहिले आणि बुडाले, तिथल्या पोराला हे मेख उपटल्यावर कळावं याची मला आजही थोडी लाज वाटते. आता सगळीकडे प्लास्टिकचे दोर आले. ते आखडत नाहीत. पण अकोल्याच्या दोन उन्हाळ्यांत त्यांचा पार भुगा होतो. हातात घ्यावा तर तळव्यावर पिवळी कूस उरते.

ताण बरोबर आहे की नाही हे बघायची बाबांची एकच रीत होती. छताखाली उभं राहायचं आणि कापडाला खालून टिचकी मारायची. 'टण' असा आवाज आला की ठीक. 'भद्' असा आला की एक तणावा कुठेतरी सैल.

हे कॅनव्हास पुढच्या बाजूला दोन बांबूंवर उभं असे, आणि ते बांबू रस्त्याच्या कडेला. रस्ता तोच राहिला, गाड्या वाढल्या. ऑटोवाल्यांनी बांबू पाडले, बांबूंनी स्कूटरवाले पाडले. त्यात अतिक्रमणाची गाडी. ती चौकात दिसली की बातमी तिच्या आधी आमच्यापर्यंत पोचायची, पण चार गाठी सोडून बांबू आत घेईस्तोवर गाडी दारात. शेवटी २०११ साली आम्ही फोल्डिंगचं शेड बसवलं. पाटीवर याला 'ऑनिंग' म्हणतात, आमच्या गल्लीत कोणी म्हणत नाही. दहा फूट रुंद, आठ फूट पुढे येणारं, भिंतीवर बसलेलं, आणि जमिनीला कुठेही पाय नाहीत.

बाबा तेव्हा सत्तरीचे. मिस्त्री शेड बसवत होता तो सगळा वेळ ते खुर्ची टाकून समोर बसले होते. शेड पूर्ण उघडल्यावर उठले, खाली गेले, वर पाहिलं, डावीकडे उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, "याचे तणावे कोठी हायेत?"

मिस्त्री पन्नाशीचा, मी त्याला चाचा म्हणायचो. तो हसला नाही. म्हणाला, "हाताच्या अंदर हायेत, काकाजी."

शेडला दोन हात असतात. माणसासारखेच: भिंतीपाशी खांदा, मध्ये कोपर, पुढे मनगट. मनगट समोरच्या पट्टीला जोडलेलं, कापडाची पुढची कड त्याच पट्टीत अडकवलेली, आणि मागची कड भिंतीजवळच्या रोलरवर गुंडाळलेली. हाताच्या पोकळ नळीत ताणलेली स्प्रिंग असते, तिची तार कोपरावरून वळून पुढच्या नळीत जाते. कोपर दुमडलं की तार ओढली जाते आणि स्प्रिंग ताणते. म्हणजे तो हात सदासर्वदा उघडायलाच बघतो. त्याला अडवून धरतं ते कापड, आणि कापडाला अडवून धरतो रोलर.

हे चाचाने मला सांगितलं नाही, करून दाखवलं. स्वतःचा हात छातीशी दुमडला, मूठ वळली. "मी हात, तू कापड. पकड मूठ, घट्ट. आता सोड, पण हळू हळू." तो मूठ पुढे रेटत होता, मी मागे ओढत हळूहळू सोडत होतो. "थांब इथी. ताण हाय?" होता. "अजून थोडा सोड. आता?" आताही होता. "कोठीबी थांब, ताण राह्यते. दोघं एकमेकाले ओढून राह्यले न, म्हणून. दोघातला एक जरी ढिला पडला तं हे शेड नाई, वाळत घातलेली चादर हाय." गल्लीतून जाणारी दोन पोरं आम्हा दोघांकडे, मुठीत मूठ घालून उभ्या असलेल्या बाप्यांकडे, पाहून फिदीफिदी हसली.

मग हँडल. हँडलला गिअर, आणि त्यातली खुबी अशी की आटे पाडलेला दांडा दात्यांचं चाक फिरवतो, पण चाकाने कितीही जोर केला तरी ते दांड्याला फिरवू शकत नाही. हँडलवरचा हात निघाला तरी शेड सुटत नाही. आमच्या गिअरला हँडलचे अकरा फेरे म्हणजे रोलरचा एक. पूर्ण उघडायला शंभरेक फेरे लागतात. त्यात सुरुवातीला मला एक चमत्कारिक वाटलं: उघडायला सोपं, मिटायला जड. शटरच्या उलट. पण विचार केला तर सरळ आहे. उघडताना आपण काहीच करत नाही, स्प्रिंग काम करते, आपण फक्त परवानगी देत जातो. मिटताना तीच स्प्रिंग आपल्याला परत भरावी लागते. म्हणजे शेड मिटलेलं, पेटीत गेलेलं, काही करताना दिसत नाही, तेव्हा ते सगळ्यात जास्त भरलेलं असतं.

भिंतीचं प्रकरण वेगळंच झालं. जुन्या शहरातल्या आमच्यासारख्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाड, बाहेरून विटेचा पदर आणि गिलावा. उन्हाळ्यात आत गारवा, पण खिळा ठोकला तर माती भुरभुर सांडते. चाचाने ड्रिल लावलं, पीठ बाहेर आलं तसं चिमटीत घेऊन पाहिलं आणि ड्रिल खाली ठेवलं. बोल्ट भिंतीत फुगून बसतात ते इथे चालणार नाहीत, आरपारच न्यावे लागतील, आतून लोखंडी पाटी. बाबांनी विचारलं, शेडचं वजन ते किती? वजन फार नव्हतं. पण प्रश्न वजनाचा नाहीच. आठ फूट पुढे पसरलेल्या कापडावर वारा पन्नास किलोने बसला, तर तो बसतो मध्यावर, भिंतीपासून चार फुटांवर. ब्रॅकेट स्वतः सात-आठ इंच उंचीचं. चार फुटांची पहार आणि आठ इंचांचं टेकण! वरच्या बोल्टांवर मिळून तीन-सव्वातीन क्विंटलाची ओढ येते. क्विंटल म्हटल्यावर बाबांना पटलं. गाडीभर कापूस दोन बोल्टांना टांगल्यासारखा होता तो हिशेब. आतल्या भिंतीवरची ती पाटी पुढे त्यांनी रंगवून घेतली आणि तिच्यावर कॅलेंडर लावलं.

दोन वर्षं बरी गेली. मग मी शहाणपणा केला. एका दुपारी हँडल फिरवता फिरवता फोनवर बोलत होतो, आणि शेड पूर्ण उघडल्यावरही फिरवत राहिलो. कापड रोलरवरचं संपलं आणि त्याच दिशेने, पण उलट बाजूने, रोलरच्या खालून गुंडाळायला लागलं. शेड निम्मं आत आलं, कापडाला मध्ये झोळ पडला. खरं तर हँडल उलटं फिरवून परत सगळं उघडायचं आणि नीट गुंडाळायचं, एवढंच करायचं होतं. मी पाहिलं की कापड ढिलं आहे, आणि ठरवलं की हाताचा बोल्ट ढिला असणार. स्टुलावर चढून पुढच्या पट्टीजवळचा बोल्ट पान्याने सोडला.

हात कसा आला ते मी पाहिलं नाही. आवाज ऐकला, तो समोरच्या दुकानाच्या काचेचा. पाना तिकडे गेला होता. डाव्या भुवईवर तीन टाके पडले. डोळा बोटभर खाली होता.

चाचा संध्याकाळी आला. त्याने शेड आधी पाहिलं नाही, मला पाहिलं. "हात बांधला होता?"

"नाही."

"मंग?" एवढंच म्हणाला. थैलीतून पट्टा काढून त्याने दोन्ही हात, दुमडून, आधी बांधले. मग कापडाला हात लावला. त्यानंतर कितीतरी वेळा मी त्याला काम करताना पाहिलं आहे. क्रम कधी बदलला नाही. गिअर बदलायचा असो, कापड बदलायचं असो, आधी हात बांधायचे. स्प्रिंगला कळत नाही की तू मालक आहेस, हे त्याचं वाक्य मात्र एकदाच ऐकलं. त्याच दिवशी त्याने मला शेवटची गोष्ट शिकवली: पूर्ण उघडल्यावर थांबायचं आणि हँडल अर्धा फेरा मागे घ्यायचं. कोपर तसंही कधी काठीसारखं सरळ होत नाही, होऊही देत नाहीत, नाहीतर परत दुमडणार कसं. पण शेवटच्या त्या अर्ध्या फेऱ्याने कापड हातांना परत भिडतं. बाबा खाली टिचकी मारायला उभेच होते.

पाऊस आणि वारा यांच्यापुढे मात्र हे सगळं यंत्र भित्रं आहे, आणि ते तसंच असावं. सावलीसाठी बनवलेली ही गोष्ट. पावसाचं सांगायचं तर उतार हवा: चार फुटांना निदान एक फूट. त्याहून सपाट ठेवलं की पाणी थांबतं, पाणी थांबलं की कापड खाली जातं, खाली गेलं की आणखी पाणी. एका चौरस मीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एक किलो. आमच्या शेडवर वीस मिलिमीटरची सर पडली आणि निचरा झाला नाही तर दीडशे किलोची पखाल डोक्यावर.

वाऱ्याचा हिशेब आणखी वाईट. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. युरोपात अशा शेडांसाठी जे मानक आहे, ईएन १३५६१, त्यात वाऱ्याचे वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग ताशी २८ किलोमीटरपर्यंत, दुसरा ३८, तिसरा ४९. त्यापुढे शेड मिटायचं. कापडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर या तीन वर्गांचा जोर साधारण चार, सात आणि अकरा किलो. आता आमच्याकडचं वावधन घ्या. मेच्या शेवटी, दिवसभर पानही हललेलं नसतं, आणि चारच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ वीटकरी होतं. मग गल्लीच्या तोंडाशी धुळीचा एक पडदा उभा राहतो, आणि तो आपल्याकडे चालत येतोय हे कळेपर्यंत टिनं वाजायला लागलेली असतात. त्याला कुठला वर्ग! महागड्या शेडांना मोटर असते, पुढच्या पट्टीवर हादरे ओळखणारं बोटभर यंत्र असतं, पट्टी जास्त हलली की शेड आपोआप मिटतं. आमच्याकडे समोरची काकू आहे. तिची तुळस डोलायला लागली की ती ओरडते, "भाऊ, मीट रे!" शंभर फेरे जास्तीत जास्त जोराने. तिने एकदाही चुकवलेलं नाही.

वावधनात सापडलेली दोन कापडं मी शेजारीशेजारी पाहिली आहेत. आमचं ताठ होतं, ते थरथरलं, गुणगुणलं, आणि टिकलं. शेजारच्याने ताडपत्री सैल बांधली होती, वाऱ्याला जागा द्यावी म्हणून. तिने जागा घेतली. प्रत्येक झोताला ती फुगायची आणि आपटायची, आणि प्रत्येक आपटीत दोरांना झटका. सलग ओढीपेक्षा तो झटका कितीतरी वाईट. दहा मिनिटांत तिच्या शिवणी उसवल्या. सैल कापड वाऱ्याशी जुळवून घेतं, असं ज्याला वाटतं त्याने तो आवाज ऐकावा.

वर्षातून एक दिवस संबंध रस्त्यावरची शेडं एकदम मिटतात. श्रावणातला शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी निघतात, सतरा-अठरा किलोमीटर चालत येतात, आणि कोतवाली, जयहिंद चौक करत राजराजेश्वराच्या देवळात पोचतात. भरण्यांनी लगडलेल्या त्या कावडी एवढ्या रुंद, एवढ्या उंच असतात की रस्त्याला स्वतःची सगळी जागा परत द्यावी लागते. आदल्या रात्रीपासून जो तो हँडल फिरवत असतो. बांबूंच्या काळात हे काम अर्धा दिवस चाले. आता पाच मिनिटं. सकाळी माडीवरून पाहिलं तर एरवी न दिसणारा चौकापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो, आणि त्यावर माणसंच माणसं.

तसाच रिकामा, सरळ रस्ता मी आणखी एकदा पाहिला. २०२३ चा मे. १३ तारखेच्या रात्री जुन्या शहरात दंगल उसळली. एक माणूस गेला, गाड्या जळाल्या, कलम १४४ लागलं. बाबा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. आम्ही माडीवर खिडकीच्या फटीतून पाहत होतो. शटर खाली, शेडं पेटीत, कुत्रंसुद्धा नाही. ऊन रस्त्यावर हवं तिथे बसलं होतं, त्याला अडवायला एकही कापड नव्हतं. मोबाईलवर वर्तमानपत्राचा मथळा आला, त्यात तो ठरलेला शब्द होता: तणावपूर्ण शांतता. मी खाली पाहिलं. रांगेने मिटलेली शेडं. चाचाने बसवलेलं आमचं, त्यानेच बसवलेलं शेजारचं, त्यानेच बसवलेलं पलीकडचं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो राहतो तो मोहल्ला आमच्यापासून फार लांब नाही, पण त्या दिवसांत लांब होता. म्हणाला, "शेड ठीक हाय?" मी म्हटलं, ठीक आहे. "मिटलेलं हाय न?" मिटलेलं आहे. "राहू दे मंग. खोलजो नको." मी विचारलं, दूध मिळतं का तिकडे? म्हणाला, मिळून राह्यलं. मग आम्ही दोघं थोडा वेळ गिअरच्या ग्रीसबद्दल बोललो. उन्हाने ग्रीस वाळतं, वर्षातून दोनदा पुसून नवं लावावं, वगैरे. दोघांनाही ते तोंडपाठ होतं.

या फाल्गुनात कापड बदललं. उन्हाने तेरा-चौदा वर्षांत त्याचा साईचा रंग गव्हासारखा झाला होता आणि शिवणीचा दोरा बोटाने तुटत होता. कापड टिकतं, दोरा आधी जातो. चाचा आता पासष्टीच्या आसपास, वर चढायचं काम त्याचा मुलगा करतो, तो खालून सांगतो. मुलाने शेड मिटलं आणि पट्टा काढला. चाचाने तो हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि परत दिला. कडेचे धागे सुटले होते.

"दुसरा हाय?"

मुलगा म्हणाला, गाडीत एकच आणला.

"दोर देजो रे एखादा," चाचा मला म्हणाला. "जाड पाह्यजो. प्लास्टिकचा नको."

माळ्यावर बाबांची ट्रंक होती. पितळी कड्या, दोन मेखा आणि चार तणावे, गुंडाळून, प्रत्येकाला त्याच्याच टोकाची गाठ मारून ठेवलेले. मी एक खाली आणला. चाचाने तो वावभर उलगडला, पीळ बोटाने उघडून आतला धागा पाहिला, पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढला. मग नाकाला लावला.

"काकाजीचा?"

"हो."

"कापसाचा हाय. पाणी नको लागू देजो याले."

मग त्याने तो पट्टा टाकून दिला नाही. दोन्ही हातांवर आधी पट्टा आवळला, त्यावरून तणाव्याचे चार वेढे घेतले, आणि शेवटची गाठ मुलाला मारू दिली नाही. स्वतः स्टुलावर चढला. मुलाने हँडल फिरवून कापड सैल केलं, खोबणीतून सरकवून ओढून काढलं, आणि ते खाली दुकानाच्या उंबऱ्यावर ढीग होऊन पडलं. वर नुसते दोन दुमडलेले हात, दोराने बांधलेले. चाचाने गाठीजवळ दोराला टिचकी मारली, मान वाकडी करून ऐकलं आणि मुलाला म्हणाला, "आण आता नवं."